उशिरा आलेली बोंब

नेरच्या कापूस बाजारात रहमतच्या पायाला जेवढा मान होता, तेवढा त्याच्या तोंडाला नव्हता. तोंडानं तो गोड बोलायचा, आणि बाजारात गोड बोलणाऱ्यावर कोणी फारसा भरवसा ठेवत नाही. पाय मात्र खरं बोलायचा. सदाशिवराव व्यापाऱ्याच्या आवारात कास्तकाराची गाडी येऊन लागली, की रहमत चपला काढायचा, तळवे पुसायचा, कापसात उतरून जरा तुडवायचा आणि सांगायचा, "कोरडा." नाहीतर सांगायचा, "ओला." झालं. त्यावर अपील नाही.

तसं त्याचं काम फक्त तुडवण्याचं. मोकळा कापूस जिनिंगला पाठवायचा तर तो ट्रकमध्ये दाबून दाबून भरावा लागतो, आणि ते काम माणसाच्या पायांनीच होतं. चपलेनं माती जाते म्हणून तुडवणारे सगळे अनवाणी. पण तुडवता तुडवता रहमतच्या पायाला ओल कळायला लागली, आणि ती वर्षं अशी होती की ओल कळणं ही मोठी गोष्ट झाली. कापसाचा भाव पार मातीत गेला होता. व्यापारी काट्यात मारतो, तर आपण पाण्यात मारू, असा विचार करून काही कास्तकार गाडी भरताना मधल्या थरावर पाणी शिंपडायचे. आता कोणाला नावं ठेवायची? एक चोर, दुसरा त्याच्यावर मोर. पण ओला कापूस गंजीत गेला की आतल्या आत तापतो, पिवळा पडतो, कधी पेटही घेतो. वरून हात घालावा तर कोरडा लागतो, कारण पाणी मारलेलं असतं पोटात. तिथवर पायच पोचतो.

रहमतच्या जोडीला तुडवायला धरमसिंग असायचा, जवळच्याच तांड्यावरचा. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ताल धरून तुडवायचे. धरमसिंग त्याला 'भिया' म्हणायचा. तांड्यावरच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. ईदला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा धरमसिंगचा, आणि होळीला रहमत तांड्यावर जाऊन लेंगीच्या नाचात असा काही घुसायचा, की बायका पदराआड हसायच्या. बाजारातले लोक म्हणत, हे दोघं एका ताटात जेवतात. ते खरंही होतं.

आवारात धरमसिंगची आणखी एक ओळख होती. तो पायांचा वैद्य होता. अनवाणी कामावर पायाची दुखणी काय कमी? पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या, थंडीत टाचांना भेगा, कोणाचं नख मांसात रुतलेलं, कोणाच्या तळव्याला कुरूप. धरमसिंगकडं सगळ्यावर काही ना काही होतं. चिखल्यांना कडुलिंबाचं पाणी, भेगांना मेण, रुतल्या नखाला वस्तऱ्याचं टोक आणि कुरुपाला बिब्याचा चटका. बरं वाटलं तर धरमसिंगच्या हाताला गुण, नाही वाटलं तर ज्याचं त्याचं नशीब. डॉक्टरकडं जायचं म्हणजे नेरहून एसटीनं यवतमाळ, एक दिवस खाडा, आणि हंगामात खाडा कोण करतो?

आता खरी गोष्ट. रहमतचा पाय मेला होता.

एकदम नाही मेला. आधी तळव्याला मुंग्या यायच्या. मग कापसात उतरलं की पायमोजे घालून चालल्यासारखं वाटायला लागलं. एका संध्याकाळी तो बाजारातून घरी आला तर एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात नव्हती. चप्पल कुठं गळाली, ते त्याला कळलंच नव्हतं. त्याची बायको फरीदा दारात उभी राहून पोट धरून हसली. "आशिक झाले का या वयात?" म्हणाली. रहमतही हसला. मग मोरीवर जाऊन त्यानं पायावर गरम पाणी घेतलं, आणखी गरम घेतलं, आणि कातडी लाल झालेली बघत बसून राहिला. भाजल्याचं त्याला नुसतं दिसत होतं.

शुगर असेल, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. त्याच्या अब्बांना होती. पण हे कोणाला सांगणार? ज्याच्या पायाच्या शब्दावर गाड्या परत जातात, त्यानं 'माह्या पायाले आता काही समजत नाई' असं म्हणायचं? वैद्यानं नाडी लागत नाही म्हणावं आणि गवयानं गळा बसला म्हणावं, त्यातलाच प्रकार. त्यानं गिळून टाकलं.

आणि त्याला एक युक्ती सापडली. धरमसिंगला एक खोड होती. पायाखाली ओल आली, की त्याच्या पायाची बोटं आपोआप आत वळायची, झुरळ दिसल्यावर माणूस पाय आखडतो तशी. धरमसिंगला स्वतःला ते माहीत नसावं. रहमत आता कापसात उतरल्यावर जोडीदाराच्या पायाकडं बघायचा. बोटं वळली की म्हणायचा, "ओला." सपाट राहिली की म्हणायचा, "कोरडा." सगळा एक हंगाम असा निघाला. कोणाला पत्ता नाही. निदान रहमतला तसं वाटत होतं.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला त्याच्या तळव्याला, अंगठ्याच्या मागच्या गादीवर, कुरूप झालं. दुखत नव्हतंच, पण पाय वाकडा पडायला लागला आणि सदाशिवरावांनी विचारलं, "लंगडून काहून राह्यले रहमतभाई?" रहमत चपापला. त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो धरमसिंगपुढं पाय पसरून बसला.

"भिया, तू फिकीर नको करू," धरमसिंग म्हणाला. "एका चटक्यात काढतो."

बिब्याचा चटका ज्यानं घेतला नाही त्याला सांगून समजायचं नाही. पोती शिवायच्या दाभणाला बिबा टोचायचा, दिव्याच्या जाळावर धरायचा, तेल फसफसायला लागलं की तो कुरुपावर टेकवायचा. किती वेळ टेकवायचा? त्याला घड्याळ नाही. माणूस बोंबलला की बिबा उचलायचा, एवढाच नियम. बिब्याचं तेल सुकं कातडं जाळत जातं आणि जिवंत मांसाला लागलं की माणूस आपसूक ओरडतो. धरमसिंग दरवेळी तेच म्हणायचा, त्या दिवशीही म्हणाला, "ज्याचं जळते त्याले कळते. बोंबलजो भिया, लाज नको धरू."

बिबा टेकला. रहमत दिव्याकडं बघत राहिला. जळक्या कातड्याचा वास आला. धरमसिंग वाट बघत होता. आजूबाजूचे हमाल, भाकरीचा घास हातात तसाच धरून, मजा बघायला सरसावले, कारण दुसऱ्याची बोंब ऐकायला कोणाला आवडत नाही? वास वाढला. धरमसिंगनं मान वर करून रहमतच्या तोंडाकडं बघितलं, आणि तेव्हा कुठं रहमतच्या डोक्यात उजेड पडला की आता आपण ओरडायला हवं.

"अरे बाप्पा! मेलो, मेलो!" तो बोंबलला.

हमाल खोखो हसले. धरमसिंगनं बिबा उचलला. तो हसला नाही. त्यानं रहमतचा तळवा नीट वळवून पाहिला, त्यावर चुना-हळद थापली, फडकं बांधलं आणि म्हणाला, "झालं. दोन-चार दिवसांत खपली पडून जाईन."

खपली पडली नाही. फडकं ओलं राहायला लागलं. फरीदा पुसदची, घरात उर्दू बोलायची, पण रागावली की सरळ वऱ्हाडीवर यायची, कारण तिच्या मते भांडायला हीच भाषा बरी. फडकं धुताना तिच्या नाकाला वास लागला आणि ती वऱ्हाडीवर आली.

"हा वास बिब्याचा नाई. मास सडल्यावानी वास येऊन राह्यला. चला यवतमाळले."

"दुखत नाई ना मले! दुखलं असतं त गेलो असतो."

"दुखत नाई म्हून त म्हनते मी! इतका मोठा खड्डा पडला अन् दुखत नाई? सुईचं टोक रुतलं त घर डोक्यावर घेता तुमी!"

बाई बरोबर बोलत होती. पण नवऱ्यानं बायकोचं ऐकायचं, असा रिवाज आपल्याकडं कधी पडला नाही. रहमतनं दुसऱ्या दिवशी धरमसिंगला पाय दाखवला. धरमसिंगनं वाकून बघितलं. जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"भिया, खरं सांग," रहमत म्हणाला, "डाक्टरले दाखवू का?"

"कायले?" धरमसिंग उठला. "बिब्याचा फोड हाय हा. माह्या बापालेबी झालता. होते बरा."

रहमतला हायसं वाटलं. ज्या खांद्यावर हात ठेवून त्यानं इतका कापूस तुडवला, त्या खांद्यावर त्यानं हात ठेवला आणि दोघं कामाला लागले. घरी जाऊन त्यानं फरीदाला ऐकवलं, "धरमसिंगले तुह्यापेक्षा जास्त समजते." फरीदानं फडकं बदललं.

पुढच्याच आठवड्यात एक गाडी आली. सदाशिवराव एरवी गादीवर लोडाला टेकून बसायचे. त्या दिवशी ते स्वतः गाडीशी येऊन उभे राहिले. रहमतला वाटलं, ओळखीच्या माणसाचा माल असेल. तो आणि धरमसिंग कापसात उतरले. रहमतनं सवयीनं जोडीदाराच्या पायाकडं नजर टाकली. बोटं सपाट होती. त्यानं आणखी दोनदा तुडवल्यासारखं केलं. बोटं सपाटच.

"कोरडा," रहमत म्हणाला.

सदाशिवरावांनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर कापूस बाहेर काढून सगळ्यांच्या देखत पिळला. पाणी टपकलं.

"हा कापूस मीच भिजवला रहमतभाई," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा पाय गेला म्हून कानावर आलतं. खरं वाटत नव्हतं. आता आराम करा. आजपासून धरमसिंग सांगत जाईन."

रहमतच्या पायाखालची जमीन सरकली, फक्त तेही त्याच्या पायाला कळलं नाही. तो गाडीतून उतरला. चपला सापडेनात, कोणीतरी आणून दिल्या. सगळ्या आवारासमोर त्याचं नाक कापलं गेलं होतं, पण घरी जाताना तो एकच गोष्ट मनात घोळवत होता. धरमसिंगची बोटं का वळली नाहीत? मग त्याचं त्यालाच उत्तर सापडलं आणि तो जरा सावरला. चुकला असेल बिचाऱ्याचा पाय. थंडी होती, पाय गारठला असेल.

फरीदाला त्यानं तेच सांगितलं. फरीदा त्याच्याकडं बघतच राहिली.

"पाय चुकला, अन् जागा बरोबर भेटली?" ती म्हणाली.

त्यावर रहमत इतका चिडला की त्यानं ताट ढकललं. माझ्या भावाबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही म्हणाला. माणूस असा असतो बघा. केसानं गळा कापला जात असतो आणि हा केस किती मऊ आहेत म्हणून कौतुक करत असतो. त्याच संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला, पोटरीपर्यंत पाय सुजून टम्म झाला. मग फरीदानं कोणाला काही विचारलं नाही. शेजाऱ्याची जीप केली आणि त्याला यवतमाळला दवाखान्यात घातलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, तीन डॉक्टरांचं काम एकटी करत होती. तिनं फडकं सोडलं, आणि तोंडावर काही दिसू दिलं नाही, यावरूनच फरीदा समजली. रक्त तपासलं. शुगर नुसती वाढलेली नव्हती, कितीतरी दिवसांपासून वाढलेली होती.

"डोळे मिटा चाचा," डॉक्टरीण म्हणाली. "पायाला काही लागलं की 'हो' म्हणा."

रहमतनं डोळे मिटले. वाट बघितली. काही लागलं नाही. तरी सवयीप्रमाणे त्यानं अंदाजानं ठोकून दिलं, "हो." थोड्या वेळानं पुन्हा, "हो."

"चाचा, आत्ता मी हात लावलाच नव्हता."

त्यानं डोळे उघडले. तिच्या चिमटीत कापूस होता. पांढरा, कोरडा, पिंजून केलेला एवढासा बोळा. तोच ती त्याच्या तळव्यावरून फिरवत होती. जन्मभर ज्याच्या पायानं कापूस ओळखला, त्याच्या पायाला कापूस लागत होता आणि त्याला कळत नव्हतं. रहमतनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"चिखल्या, भेगा, कुरूप, हे सगळ्यांनाच होतं," डॉक्टरीण फरीदाला सांगत होती, पण ऐकत तो होता. "पाय शाबूत असेल तर घरचं औषध चालून जातं. पण पाय बधिर झाला, की साधा फोडसुद्धा घरी ठेवायचा नाही. जखम दिसते आणि दुखत नाही, म्हणजे त्याच दिवशी यायचं. काळी पडली, वास आला, सूज वर चढली, की तासाचाही उशीर करायचा नाही. कडा काळ्या व्हायला लागल्या तेव्हा आला असता, तर कदाचित एखाद्या बोटावर भागलं असतं."

"आता?" फरीदानं विचारलं.

"आता पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. टाच वाचवायचा प्रयत्न करू."

ज्या दिवशी कडा काळ्या दिसल्या, तो दिवस रहमतला चांगला आठवत होता. त्या दिवशी त्या कडांवर दोन माणसं वाकली होती.

पाऊल काढल्यावर काही दिवसांनी धरमसिंग भेटायला आला. पिशवीत पेरू घेऊन आला होता. नवं धोतर नेसला होता. खाटेच्या कडेला बसला, पट्टी बांधलेल्या त्या आखूड पायाकडं बघितलं आणि रडला. खोटं नाही रडला, खरंच रडला. फरीदा उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

रहमतनं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "त्या दिवशी बोटं सपाट काहून ठेवली बे?"

धरमसिंगनं डोळे पुसले. "तुले माह्यी बोटं दिसत होती, हे मले ठाऊक होतं भिया. मागच्या सालापासून ठाऊक होतं. मले वाटे, तू खातरी करून घेत असशीन."

"अन् पाय मेला, हे कव्हा समजलं?"

"बिब्याच्या दिवशी. तू उशिरा बोंबलला. अन् खोटा बोंबलला. मी किती लोकायले चटके देल्ले, मले खरी बोंब समजत नाई का? आपल्या धरमसिंगले खोटं बोलला तू. मले त्याचं लय लागलं. मंग मी शेटजीले जाऊन सांगतलं."

हे रहमतला लागलं, कारण हे खरं होतं. पहिलं खोटं त्याचंच होतं. तो म्हणाला, "सांगतलं त सांगतलं. माह्या पायाले समजत नव्हतं, तुह्याले समजत होतं. जागा तुहीच होती. त्याचा राग नाई मले."

"तेच त! इतके वर्सं माह्या पायालेबी समजत होतं, पन मले कोनं इचारलं? सगळे म्हनत रहमतचा पाय, रहमतचा पाय!"

"पन मी तुले इचारलं होतं," रहमत म्हणाला. "कडा काळ्या पडल्या तव्हा. डाक्टरले दाखवू का म्हून इचारलं होतं. तुले ठाऊक होतं पाय मेला म्हून. तव्हा जा म्हनाले काय झालतं?"

धरमसिंगनं पेरूची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो कपटी माणूस नव्हता. कपटी असता तर त्यानं काहीतरी बनवून सांगितलं असतं. जे पोटात होतं तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तू गेला असता भिया," तो म्हणाला, "त बरा होऊन आला असता."

रहमत त्याच्याकडं बघत राहिला, जसा त्या दुपारी दिव्याकडं बघत राहिला होता. आणि मग तो बोंबलला. पोटातून, गळा फाटेस्तोवर बोंबलला. ही बोंब खोटी नव्हती. आख्ख्या वॉर्डातले आजारी उठून बसले, पेरू फरशीवर घरंगळले, व्हरांड्यातून फरीदा धावत आली. धरमसिंग भिंतीला चिकटून उभा राहिला. खरी बोंब त्याला ओळखता येत होतीच.

सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन पळत आली. "काय झालं चाचा? पाय दुखतो का? कुठं दुखतो, दाखवा!"

रहमत धापा टाकत होता. त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"पाय नाई दुखत, सिस्टर," तो म्हणाला. "पाय कव्हाच दुखला नाई."